धुमसीची जागा

"नावं ठेवायला शंभर जण, नाव लिहायला मी एकटा."

बोरूमास्तर हे वाक्य दिवसातून तीनदा म्हणायचे. सकाळी टेबलावरचा दिवा पुसताना एकदा, दुपारी डबा उघडताना एकदा, आणि तिसऱ्यांदा कुणी त्यांच्या अक्षराकडे बोट दाखवलं की. नकाशांच्या त्या छापखान्यात ते सगळ्यांना इतकं पाठ झालं होतं, की मास्तरांनी तोंड उघडायच्या आत यंत्रावरचा मिस्त्री शाईचे हात पुसत म्हणायचा, "लिहायला तुम्ही एकटे. कळलं. आता नकाशा कधी देताय तेवढं बोला." त्यावर मास्तर त्याच्याकडे असं बघायचे, की तापवलेलं दूध त्या नजरेनं नासावं.

अडतीस वर्षं ते त्याच खोलीत बसत आले होते. तिसरा मजला, उत्तरेकडची खिडकी, उतरतं टेबल, आणि टेबलाच्या डाव्या कडेला टाकांची रांग. नकाशा काढणारे वेगळे असायचे, छापणारे वेगळे. मास्तरांचं काम एकच, नावं लिहायची. नदीचं नाव नदीच्या वळणानं वळलं पाहिजे. डोंगररांगेचं नाव रांगेएवढं लांब पसरलं पाहिजे, पण इतकंही नाही की वाचणारा वाटेत दमून बसेल. समुद्राचं नाव किंचित कललेलं, वारा लागल्यासारखं. हे सगळं ते कुठल्या शाळेत शिकले नव्हते. हातानं शिकले, चुकून शिकले, ब्लेडनं खरवडून पुन्हा लिहून शिकले. आणि जे स्वतःच्या हातानं शिकतात त्यांच्यासारखेच ते दुसऱ्याची चूक खपवून घेत नसत. हॉटेलच्या पाटीवर काना चुकलेला दिसला तर आत जाऊन मालकाला सुनवायचे आणि चहा न पिता बाहेर पडायचे. सोयरीक जमवायला आलेल्या माणसाच्या पत्रावर लाल शाईनं खुणा करून ते परत पाठवलं होतं त्यांनी. सोयरीक अर्थातच जमली नाही, पुन्हा कधी आलीही नाही.

"अक्षर चुकलं तर खोडता येतं," ते म्हणायचे, "जागा चुकली तर माणसं हरवतात."

माणसांशी त्यांचं कधीच पटलं नाही. मालकाशी नाही, मिस्त्रीशी नाही, घरमालकिणीशी नाही. आणि सगळ्यात जास्त पटलं नाही ते सख्ख्या बहिणीशी.

ताई त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. बाप लहानपणीच गेला. आई एका ओतकामाच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी स्वयंपाक करायची. मोठी चूल, ओली लाकडं, आणि धूर असा की भिंतीवरचं घड्याळ दुपारीही दिसू नये. फुंकणी ताईच्या हातात असायची. ती फुंकायची, डोळे पुसायची, पुन्हा फुंकायची. तिचं मन रमावं म्हणून आई एक गोष्ट सांगायची, रोज तीच, धुमसीची. धाकटा टेबलाखाली बसून ऐकायचा आणि मध्येच डोकं बाहेर काढून म्हणायचा, "काल तर चार भाऊ होते, आज पाच कुठून आले?" आई कपाळावर हात मारून घ्यायची. "हा कार्टा मोठा झाला की लोकांच्या चुका काढूनच पोट भरेल बघ." तिच्या तोंडात साखर पडो म्हणावं, तर तसंच झालं.

पुढं तो शहरात गेला, नकाशांच्या छापखान्यात चिकटला. ताई आईजवळ राहिली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं तिनं एकटीनं काढली. धाकट्याची पत्रं यायची, मोत्यासारख्या अक्षरातली. धाकटा मात्र यायचा नाही. मोठा नकाशा हातात आहे, असं पत्रात असायचं. आई गेली त्याच्यानंतर दोन दिवसांनी तो दारात उभा राहिला. रडला नाही. घरात नजर फिरवली आणि म्हणाला, "आईची आठवण म्हणून मला ती फुंकणी दे."

ताई म्हणाली, "जो चुलीपाशी बसला त्याची फुंकणी. तू पत्रांवर बसला होतास, ती घेऊन जा." आणि त्याची सगळी पत्रं, दोरीनं बांधलेली, त्याच्या हातात ठेवली.

त्याला अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत दोघांत एक शब्द नाही.

आता छापखान्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं.

नकाशा चोरणं फार सोपं असतं. नदी काही तुमच्या मालकीची नाही, डोंगर नाही, गावंही नाहीत. दुसऱ्यानं तुमच्यावरून उतरवून घेतलं, तर तो छातीवर हात ठेवून म्हणू शकतो की मीसुद्धा तीच नदी पाहिली. म्हणून जुने नकाशेवाले आपल्या प्रत्येक नकाशात एक खोटं नाव घालून ठेवत. नसलेला ओढा, नसलेली वस्ती. त्याला तिसऱ्या मजल्यावर 'पाहुणा' म्हणत. पाहुणा कोण आणि कुठं बसवलाय, हे फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक. तो ते एका चिठ्ठीवर लिहून, पाकीट बंद करून मालकाच्या तिजोरीत ठेवायचा. दुसऱ्याच्या नकाशात तुमचा पाहुणा सापडला, की पाकीट फोडायचं. चोर पकडला गेला. पण पाहुणा कुणाचाच नसला पाहिजे, हा त्यातला कडक नियम. तो कुणाचं आडनाव असता कामा नये, कुणाच्या शेताचं नाव असता कामा नये, कुणाचा देव तर नाहीच नाही. एवढ्या वर्षांत मास्तरांचा एकही पाहुणा कुणाचा नातेवाईक निघाला नव्हता. याचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत.

मग तो चंद्राचा नकाशा आला.

आपला चंद्र नव्हे, गुरूभोवती फिरणारा एक. यानानं त्याचे फोटो पाठवले होते आणि मालकांनी शाळांसाठी भिंतीवरचा मोठा नकाशा काढायचं ठरवलं. मास्तरांनी फोटो टेबलावर पसरला आणि तोंड वाकडं केलं. सडलेल्या लिंबासारखा पिवळा गोळा, त्यावर काळे, तांबूस डाग. तो सगळा ज्वालामुखींनी भरलेला आहे, असं सोबतच्या कागदात होतं. तिथली जमीन सारखी आतून वर येते आणि स्वतःलाच गाडून टाकते, कालची भूमी आज दिसेलच असं नाही. आणि नावं देणाऱ्या मंडळींनी नियम केला होता, की तिथल्या ज्वालामुखींना अग्नीच्या, सूर्याच्या, विजेच्या आणि लोहारांच्या देवांचीच नावं द्यायची, जगात कुठल्याही लोकांचे देव असोत. यादी जोडलेली होती. पेले, लोकी, मार्दुक, प्रोमिथियस, त्वष्टा.

"कुणाच्या घरचे देव, आणि कुठं नेऊन बसवले," मास्तर पुटपुटले.

मिस्त्री कागद न्यायला वर आला होता. "बरंय की मास्तर. तिथं शेजारपाजार नाही, भांडण नाही. तुम्हीच जा राहायला."

"मी गेलो तर तुझा नकाशा कोण लिहील? तुझा बाप?"

"माझा बाप निदान हसून लिहायचा."

असं त्यांचं चालायचं. तीन आठवडे मास्तर देवांची नावं लिहीत होते. प्रत्येक नाव आपापल्या विवराच्या कडेनं वळवलेलं, धगीनं किंचित वाकलेलं. शेवटी पाहुण्याची वेळ आली. इथं ओढा चालणार नव्हता, वस्ती चालणार नव्हती. अग्नीचा देव वाटेल असं खोटं नाव हवं होतं. चार दिवस त्यांनी कागदावर नावं रचली आणि फाडली. एकही खरं वाटेना. देवाचं नाव रचणं म्हणजे गावाचं नाव रचणं नव्हे. गावाला निदान पाणवठा लागतो, देवाला कुणीतरी घाबरलेलं लागतं.

पाचव्या दिवशी त्यांनी पुन्हा त्या कागदातली ओळ वाचली, स्वतःलाच गाडून टाकणाऱ्या जमिनीची. टाक शाईत बुडवला आणि दोन मोठ्या विवरांच्या मधे, जिथं फोटोत नुसता पिवळा माळ होता, तिथं त्यांनी एका दमात लिहिलं, धुमसी.

टाक ठेवल्यावर त्यांना नियम आठवला. पण त्यांनी स्वतःला समजावलं. ही गोष्ट कोणाला ठाऊक आहे? आई गेली. ताई जुन्या गावात, तिला चंद्राशी काय करायचंय? आणि पृथ्वीवर तरी धुमसीला कुठं जागा होती? त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, "धुमसी. बनावट. माझी रचना." पाकीट बंद केलं. अडतीस वर्षांत पाकिटातल्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलेलं ते पहिलं खोटं.

काही महिन्यांतच मालक हातात एक गुंडाळी घेऊन जिना चढत आले, धापा टाकत, पण चेहरा उजळलेला. "सापडला! पलीकडच्या रस्त्यावरचा सापडला!" पलीकडच्या रस्त्यावर दुसरा छापखाना होता, आणि त्याच्या मालकाला इथं कुणी नावानं ओळखत नसे, 'पलीकडचा' एवढंच म्हणत. त्यानंही त्याच चंद्राचा नकाशा काढला होता. अक्षरं छापील खिळ्यांची, त्यामुळं हात ओळखता येईना. बाकी सगळी नावं यादीतली, ती कुणालाही घेता येतात. पण दोन विवरांच्या मधे, पिवळ्या माळावर, धुमसी बसली होती.

पाकीट फोडलं गेलं. छापखानेवाल्यांच्या संघाकडे तक्रार गेली. संघानं एक पंच नेमल्या, न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेल्या बाई, आणि दोन्ही मालकांनी लिहून दिलं की पंचबाई म्हणतील ते मान्य. मालक खुशीत होते. पलीकडच्याला शाळांचं काम कायमचं सोडावं लागणार होतं.

आठ दिवसांनी तेच मालक पुन्हा जिना चढले. या वेळी चेहरा मिठाचा खडा चघळल्यासारखा.

"मास्तर, पलीकडचा म्हणतो नाव लोककथेतलं आहे. आम्ही लोकांकडून ऐकलं, तुमच्याकडून नाही. साक्षीदार आणलाय त्यानं."

"कोण साक्षीदार?"

"तुमची बहीण म्हणे."

मास्तरांचा टाक कागदावर टेकलेलाच राहिला. शाईचा थेंब पडला आणि पसरला.

झालं असं होतं. ताई जुन्या गावातल्या शाळेत शिपाईबाई होती. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, भिंतीवरचे नकाशे पुसायचे. त्या वर्षी शाळेत नवा नकाशा आला. फडकं फिरवता फिरवता तिचा हात थबकला. जगात तीन माणसांना ठाऊक असलेलं नाव, त्यातलं एक गेलेलं, आणि ते नाव इथं, शाळेच्या भिंतीवर. तिनं खालचा पत्ता वाचला, एक दिवसाची रजा काढली, आणि थेट पलीकडच्याच्या छापखान्यात जाऊन उभी राहिली. "हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?" पलीकडचा तोवर पाहुण्याच्या सापळ्यात मानेपर्यंत अडकलेला. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, गोष्ट ऐकून घेतली, आणि मग सांगितलं की तुमचा भाऊ म्हणतो, हे नाव खोटं आहे, मीच रचलं. त्यानं चिठ्ठीची नक्कलही दाखवली. ताईनं ती वाचली. अक्षर ओळखलं.

"कुठं येऊ साक्षीला?" तिनं विचारलं.

इकडे मालक टेबलावर वाकून म्हणत होते, "उद्या एकच वाक्य बोलायचं. 'हे नाव मी रचलं.' चिठ्ठीत आहे तेच. बाई कुठली काय म्हणते, तिकडं लक्ष द्यायचं नाही. आणि ते वाक्य जमणार नसेल तर परवापासून जिना चढायचा त्रास घेऊ नका."

"अडतीस वर्षं—"

"अडतीस वर्षांत तुम्ही एकदाही गोड बोलला नाहीत. मी ठेवलं ते अक्षरासाठी आणि नियमासाठी. नियम मोडला असेल तर मला नुसतं अक्षर नको."

मालक उतरून गेले. मास्तर बराच वेळ शाईचा डाग खरवडत बसले. कागदाला भोक पडलं तरी ब्लेड थांबलं नाही.

संघाची जागा म्हणजे पहिल्या मजल्यावरचा एक दिवाणखाना. लांब टेबल, पाठ मोडेल अशा खुर्च्या, टंकयंत्रावर एक कारकून, खाली दाराशी एक म्हातारा पहारेकरी. मास्तर आले तेव्हा ताई पायऱ्यांवर उभी होती. केस पांढरे झाले होते, पण उभं राहणं तेच, भिंतीला न टेकता. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. काय आहे ते मास्तरांना न सोडताच कळलं.

"आलास," ताई म्हणाली. "आज उशीर नाही केलास. आज कुणी मेलेलं नाही म्हणून का?"

"पलीकडच्यानं किती शिकवलं तुला?"

"मला शिकवायला आई पुरली. तुला मात्र कमी पडली."

"ताई, तुला कळत नाही हे काय आहे ते. माझं काम जाईल."

"आणि धुमसीला तू कामाला लावलंस ते? चोर धरायला दाराशी कुत्रं बांधावं तसं? वर लिहून दिलंस, बनावट म्हणून."

"मी तिला जागा दिली. तू काय दिलंस? चुलीत घातलीस."

ताईनं काखेतली गुंडाळी आवळली. "धाकट्या, पायरी सोड. पाय घसरेल माझा, आणि मग म्हणशील बहिणीनं ढकललं."

आत पंचबाईंनी चष्मा नाकावर ओढला. बाई बारीक, आवाज कोरडा. त्यांनी पाकीट पाहिलं, दोन्ही नकाशे पाहिले, आणि मास्तरांना विचारलं, "हे नाव तुम्ही रचलंत?"

मास्तर उभे राहिले. मालक त्यांच्याकडे बघत होते. पलीकडचा छताकडे बघत होता. ताई कुणाकडेच बघत नव्हती.

"चिठ्ठीत लिहिलंय," मास्तर म्हणाले.

"मी चिठ्ठी वाचली. मी तुम्हाला विचारतेय."

"हो. मी रचलं."

कारकुनानं ते टंकलं. टंकयंत्राचा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला. मालकांनी सुस्कारा सोडला.

मग ताईला बोलावलं. तिनं वर्तमानपत्र सोडून फुंकणी टेबलावर ठेवली. एका टोकाला काळवंडलेली, दुसऱ्या टोकाला ओठांनी झिजून चकचकीत झालेली लोखंडी नळी. पलीकडचा लगबगीनं म्हणाला, "हा पुरावा आहे, बाई."

"हा पुरावा नाही," ताई म्हणाली, "मला हातात काही असल्याशिवाय ही गोष्ट सांगता येत नाही, म्हणून आणलीय."

पंचबाई म्हणाल्या, "सांगा."

ताईनं फुंकणी उचलली आणि सांगायला लागली. सावकाश, आई सांगायची तसं, मधे मधे धूर डोळ्यांत गेल्यासारखी थांबून.

"म्हाताऱ्या आगीला पाच लेकरं. थोरली मुलगी, तिच्या पाठचे चार मुलगे. आग म्हातारी झाली, म्हणाली, वाटे करा. थोरली आत चुलीपाशी होती, सगळ्यांचं रांधत होती. तिला कुणी हाक मारली नाही. पहिल्या भावानं सूर्य घेतला. दुसऱ्यानं वीज घेतली. तिसऱ्यानं लोहाराचा भाता घेतला. चौथा लहान, त्यानं दिवा घेतला. थोरली हात पुसत बाहेर आली, तर वाटणी संपलेली. भाऊ म्हणाले, अगं, तू कुठं होतीस? ती काही बोलली नाही. तिला भांडता येत नव्हतं, तिला धुमसताच येत होतं, म्हणून ती धुमसी. ती आत गेली. पायाखालची जमीन तिनं गिळली, भिंती गिळल्या, छप्पर गिळलं. आणि सकाळी सगळं पुन्हा नवं करून त्याच जागी बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गिळलं. भाऊ शोधायला यायचे, तर कालचं घर आज नसायचं."

कारकुनाची बोटं थांबली होती. मास्तरांनी मान खाली घातली होती, पण त्यांचे ओठ हलत होते. ताईच्या एक शब्द पुढं, टेबलाखाली बसलेल्या पोरासारखे.

"मग खूप वर्षांनी," ताई म्हणाली, "भावांना पस्तावा झाला. चौघे आले, दाराशी बसले, रडले. धुमसीला दया आली. तिनं दार उघडलं आणि हसत बाहेर आली—"

"खोटं!"

मास्तर उठले होते. खुर्ची मागं पडली.

"खोटं आहे! ती दार उघडत नाही! ती आतून म्हणते, 'घर रोज नवं आहे, दार मात्र तेच आहे, आणि ते मी लावलंय.' भाऊ रडतात, ती ऐकते, पण उघडत नाही. कधीच उघडत नाही! आईनं असं एकदाही सांगितलेलं नाही. तू शेवट बदलतेस!"

ते बोलले आणि मग त्यांना ऐकू आलं, आपण काय बोललो ते.

मग पलीकडचा हळूच हसला. मालकांनी डोळे मिटून घेतले. पंचबाईंनी चष्मा काढला आणि कारकुनाला म्हणाल्या, "हेही लिहा. जसं बोलले तसं."

ताईनं फुंकणी टेबलावर ठेवली. "मला ठाऊक होतं," ती भावाला म्हणाली. "खोटं बोलायला तू शिकलास. चुकीचं ऐकून गप्प बसायला नाही शिकलास."

"मुद्दाम केलंस."

"मग काय तर. आईची शपथ घालूनही तू खरं बोलला नसतास. आईची गोष्ट चुकवली, लगेच उठलास."

पंचबाईंना फार वेळ लागला नाही. नाव रचलेलं नाही, ते एका घरात पिढीजात सांगितलं जात होतं, म्हणजे ते पाहुणा ठरत नाही. पाहुणा नाही, म्हणजे चोरीचा पुरावा नाही. पलीकडच्यानं चोरी केली नाही असं मी म्हणत नाही, त्या म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू जिथल्या तिथं वाळलं. पण सिद्ध झालं नाही. तक्रार रद्द.

मालक उठले. मास्तरांच्या जवळून जाताना थांबले, पण त्यांच्याकडे न बघता बोलले. "टेबलाचा खण उद्या मिस्त्री रिकामा करून ठेवेल. खालूनच घेऊन जा."

"टाक मी स्वतः उचलीन. त्याच्या हाताला शाई असते."

"जिना चढायचा नाही म्हटलं ना."

मास्तरांनी नुसता खिशातला टाक चाचपला.

निकालाच्या कागदात एक जागा मोकळी होती. पंचबाई म्हणाल्या, "हे नाव कोणाचं, एवढं नोंदवायला हवं. उद्या पुन्हा वाद नको. कारकून, टंका: धुमसी हे नाव..."

"टंकू नका," मास्तर म्हणाले. "मी लिहितो."

"त्याची गरज नाही."

"टंकयंत्राला सगळी अक्षरं सारखीच. मी लिहितो."

पंचबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि कागद सरकवला. मास्तरांनी खिशातून टाक काढला, दौत काढली, कागद तिरपा केला, आणि लिहायला बसले. पलीकडचा दोनदा घड्याळ बघून निघून गेला. मालक खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. पंचबाई थांबल्या. चार शब्दांना मास्तरांनी पाऊण तास घेतला. शेवटी त्यांनी शाईवर फुंकर घातली आणि कागद फिरवून टेबलाच्या पलीकडे, ताईपुढं धरला.

लिहिलं होतं, "धुमसी. थोरलीची. आईकडून मिळालेली."

ताईनं वाचलं. तिनं कागदाला बोट लावलं नाही, शाई ओली होती.

"अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली. "माणूस नाही."

"नावं ठेवायला शंभर जण—"

"—लिहायला तू एकटा. ऐकलंय. आता जा, धाकट्या."

"फुंकणी?"

"चुलीपाशी बसलेल्याची."

मास्तरांनी टाक पुसला, दौतीला बूच घातलं, दोन्ही वस्तू खिशात ठेवल्या. पडलेली खुर्ची उभी केली, टेबलाला समांतर आहे का ते पाहिलं, थोडी सरकवली. मग ते पायऱ्या उतरले आणि रस्त्याला लागले.

मालकांनी खिडकीतून पाहिलं आणि तोंड फिरवलं. कारकुनानं मान उंचावून पाहिलं. ताई फुंकणी काखेत घेऊन खालच्या दारापर्यंत आली होती. रस्त्यानं ते सावकाश चालले होते. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पाटीपाशी थांबले, मान वर करून ती वाचली, नकारार्थी मान हलवली आणि पुढं निघाले.

म्हातारा पहारेकरी दार लावायला आला. "बाई, सरका जरा. बंद करायचंय."

ताईनं दाराच्या फटीत पाय ठेवला. "थांबा."

पाठमोरे मास्तर कोपऱ्यावर वळले, आधी खांदा, मग टोपी. रस्ता रिकामा झाला. तरीही ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं पाय काढून घेतला.

"हं," ती म्हणाली. "लावा आता."